टाच पुढे कर

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर आमच्या दवाखान्यातल्या कारकुनाचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता त्याच्याकडून लिहून घेतला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, ते मला दिसतं, पण उत्तर देत नाहीस. सहा वर्षं झाली. म्हणून आता टपाल.

जुनं काही उकरत नाही. हे पत्र फक्त कामाचं आहे.

आमच्याकडे हाडं तपासायचं नवं मशीन आलंय. दिसायला वजनकाट्यासारखं, मध्ये पाऊल ठेवायला खाच. टाचेला दोन्ही बाजूंनी गार जेल लावायचं आणि पाऊल त्या खाचेत ठेवायचं. एका बाजूनं मशीन आवाज सोडतं, आपल्या कानाला ऐकू न येणारा. तो हाडातून पलीकडे जातो. किती वेगानं पोचला आणि वाटेत किती विरला, यावरून हाड कसं आहे त्याचा अंदाज येतो. भरलेल्या हाडातून झपकन जातो, विरळ झालेल्या हाडातून रेंगाळतो. सुई नाही, एक्स-रे नाही, दोन मिनिटांत मोकळं. टाचच का, तर तिथलं हाड आतून जाळीदार असतं, मणक्यासारखं, आणि वर मांस कमी. तिथं विरळ असेल तर खुब्यात आणि पाठीतही असण्याची शक्यता जास्त. पक्कं निदान हे मशीन करत नाही. ते मोठ्या हॉस्पिटलात, कंबर आणि मणक्याच्या खास एक्स-रेवर होतं. हे फक्त सांगतं की कुणी तिकडे जायला हवं.

मशीन चालवायचं काम माझ्याकडे आलंय. आता वॉर्डातली धावपळ बंद, एक खोली, एक पडदा, एक स्टूल. शिकवायला आलेल्या मुलीनं पहिली टाच माझीच घेतली. आकडा उणे दोनच्या जवळ आला; शून्याच्या जितका खाली, तितकं हाड विरळ. ती म्हणाली, "मॅडम, पुन्हा घेऊ, जेल कमी पडलं असेल." पुन्हा घेतला. तोच आला.

मग तिनं फॉर्म भरायला घेतला. धूम्रपान, नाही. दम्याच्या गोळ्या, नाही. पाळी कधी थांबली. शेवटचा प्रश्न होता, आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का. तिथं मी पेन हातात घेतलं आणि स्वतःच होय वर खूण केली.

तुझ्याही फॉर्मवर तिथं तीच खूण येणार. शिवाय तुझी पाळी त्रेचाळिसाव्या वर्षीच गेली, आणि तू कायम माझ्याहून बारीक. एवढंच सांगायचं होतं. एक दिवस येऊन जा. मी नको असेन तर गुरुवारी ये, गुरुवारी माझी सुट्टी असते, ती मुलगी असते.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी, पण मिळाल्या. "मी ठणठणीत आहे. मला आईला सांभाळता आलं नाही हे तूच जगाला सांगितलंस, आता मला सांभाळायला निघू नकोस."

वाचलं. ड्रॉवरमध्ये ठेवलं. परत काढून वाचलं.

आधी दुसरंच लिहिते. परवा एक निवृत्त बस कंडक्टर बाई आल्या. उभी हयात हलत्या गाडीत उभं राहून काढलेली. म्हणाल्या, "बाई, तुमचं मशीन मोडेल, माझं हाड नाही मोडायचं." आकडा खरंच उत्तम आला. त्यांनी त्या कागदाचा फोटो काढला आणि तिथूनच सुनेला पाठवला. त्यांच्या मागे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या. त्यांचा आकडा पाहून मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तोंडावरनं कळलं हो, सांगा." माझ्या तोंडावरून सगळं कळतं, हे तू लहानपणापासून सांगत आलीस. मी वॉर्डात वीस वर्षं काढली, पण तोंड काही शिकलं नाही.

आता खरं विचारते. तुझी उंची कमी झालीय का?

कुणी सांगितलं ते विचारू नकोस. बरं, भावोजींनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी बिचाऱ्यांनी गच्चीवर जाऊन फोन केला. म्हणाले, तुझे सगळे गाऊन आता जमिनीवर लोळतात आणि तू शिंप्याला बोल लावतेस. तीन वेगळ्या शिंप्यांना, असंही म्हणाले. आणि म्हणाले की भांडी घासताना तू मध्येच ओट्याला टेकून उभी राहतेस, पाठीत धरतं म्हणून, आणि त्यांनी पाहिलं की लगेच सरळ होतेस.

ताई, माणूस आखडत नाही. मणके दबतात. दुखतंही फार नाही, नुसतं भरून येतं, आणि बायका म्हणतात वयच झालं. भिंतीला पाठ लावून उभी राहा, डोक्यावर पुस्तक ठेव आणि भावोजींना खूण करायला सांग. तुझ्या जुन्या पासपोर्टवर उंची लिहिलेली आहे. दीड इंचाहून जास्त फरक असेल तर मला नको कळवूस, पण डॉक्टरांना दाखव.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. म्हणजे लिहायचं आहे. आज नाही.

तुझी धाकटी

९ मार्च

ताई,

आज दुपारी एक आजी आल्या, काठी टेकत, बरोबर मुलगी. आजींचं डाव्या खुब्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालेलं. मुलगी आल्यापासून बोलत होती. "किती वेळा सांगितलं, चप्पल घालून चालू नको घरात. ऐकत नाही. पडली, आणि सगळ्यांचे हाल." आजी ऐकून घेत होत्या. मी त्यांच्या चांगल्या पायाच्या टाचेला जेल लावत होते. त्या माझ्याकडे बघून, अगदी सहज, पाणी मागावं तशा म्हणाल्या, "मी पडले नाही हो. मी नुसती वळले. आधी आत कट् झालं, मग खाली गेले."

माझा हात थांबला.

मुलगी म्हणाली, "असं कुठं असतं का?" मी उठून डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. खरं तर गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "असतं. हाड फारच ठिसूळ झालेलं असेल तर कधीकधी वळतानाच मोडतं, आणि मोडतं म्हणून माणूस पडतं. नेहमी नाही. नक्की कुणाचं काय झालं, ते मागाहून सांगता येत नाही. पण यांना तसं आठवत असेल तर खोटं म्हणू नका." मग मुलीनं खाली वाकून आईच्या पायाला लागलेलं जेल स्वतः पुसलं.

आता तुला आठवलंच असेल.

आई गेली त्या दिवशी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, मावशी, मामा, मामी, तुझे सासरचे, सगळे होते. मी म्हणाले, "पंधरा मिनिटं. औषधं आणायला म्हणून तू पंधरा मिनिटं आईला एकटं सोडलंस, तेही ओल्या फरशीवर." तू म्हणालीस, "फरशी ओली नव्हती. आई स्वतः म्हणाली, आधी कट् झालं." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आई तुला पाठीशी घालत होती. असं होत नसतं. मी रोज बघते." परिचारिका बोलली म्हटल्यावर विषयच मिटला. मावशीनं तुझ्याकडे पाहिलं ते मला दिसलं. तुलाही दिसलं.

खुबा मोडल्यापासून पाच महिने तू आईचं सगळं केलं होतंस, अंथरुणातलं सगळं. मी रविवारी फळं घेऊन यायचे.

इथं थांबते. उद्या लिहीन.

१० मार्च

तेच पत्र पुढे. टपालात टाकायच्या आधी सगळं लिहायचं ठरवलंय, नाहीतर मी अर्धंच पाठवीन आणि स्वतःला शाबासकी देईन.

आई तुझ्याकडे आली त्याच्या आधी सहा महिने माझ्याकडे होती. तेव्हा तिचं मनगट मोडलं होतं, हे तुला ठाऊक आहे. कसं मोडलं ते मी सांगितलं नव्हतं. खुर्चीतून उठताना तिनं हातावर भार दिला, एवढंच. प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशानं हे मोडायला नको होतं. वर्षानुवर्षं दम्याच्या गोळ्या चालू आहेत, ना? हाडं पोकळ झाली असतील. ही चिठ्ठी घ्या, कंबर-मणक्याची तपासणी करून घ्या, औषधं सुरू करू." चिठ्ठी माझ्या हातात दिली. तुझ्या नाही, आईच्या नाही, माझ्या.

मी ती थर्मामीटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या महिन्यात माझ्या ड्यूटीची वेळ बदलली होती, लेकीची परीक्षा होती, आई म्हणत होती प्लास्टर निघू दे मग बघू. प्लास्टर निघालं. हात बरा झाला. मग तिचे तुझ्याकडे राहायचे दिवस आले आणि मी तिची बॅग भरून दिली. स्वेटर, चष्मा, दम्याचा पंप, गोळ्या. चिठ्ठी नाही. विसरले म्हणाले तर खोटं होईल. आठवली होती. वाटलं, तू विचारशील की इतके महिने काय करत होतीस.

म्हणून व्हरांड्यात मला फरशी ओली हवी होती. फरशी कोरडी असली तर ड्रॉवर उघडावा लागला असता. मी आईचं बोलणं खोटं ठरवलं, तू खोटी ठरलीस, आणि मी सहा वर्षं ताठ मानेनं फिरले.

तपासणी झाली असती तर आई वाचली असती का, मला माहीत नाही. औषधांनी मोडायचा धोका कमी होतो, जात नाही. पण ते बघायची संधी मी घालवली, तू नाही.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. तुला हवी असेल तर देईन. मावशीला आणि मामांना मी काल फोन करून हेच सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "मला कशाला सांगतेस, तिला सांग." सांगितलं.

खाली सही करवत नाही.

२ एप्रिल

ताई,

तीन आठवडे झाले. तू उत्तर द्यावंस असं काही नाही. रागावलीस तर बरोबरच आहे.

फक्त एक. माझ्यावरचा राग टाचेवर काढू नकोस. गुरुवारी ये. ती मुलगी चांगली आहे, हात हलका आहे, आणि आपलं नातं तिला ठाऊक नाही.

१७ एप्रिल

ताई,

काल तू आलीस. बुधवारी आलीस, गुरुवारी नाही.

तुझं तू सगळं पाहिलंस, तरी लिहिते, कारण तू जवळजवळ पूर्ण वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतीस आणि इकडे माझ्याकडे काय झालं ते तुला कळलं नसेल.

मी नेहमीसारखी "पुढचे" म्हणून हाक मारली आणि मान वर न करता केसपेपर घेतला. त्यावर तुझं नाव होतं. मला वाटतं मी ते चार वेळा वाचलं. वर पाहिलं तर तू स्टुलावर बसत होतीस, हळू, दोन्ही हात मांडीवर टेकत, अगदी आई बसायची तशी. केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. भावोजींनीही नाही.

"टाच पुढे कर," मी म्हणाले.

"कुठली?"

"डावी. मोजे काढ."

मोजा काढायला तू वाकलीस आणि अर्ध्यात थांबलीस. पाठीत धरलं होतं, मला दिसलं. मी खाली बसले आणि मोजा काढला. तू पाय मागे घेतला नाहीस. ताई, तुझं पाऊल इतकं गार होतं. मी जेल लावायच्या आधी तळहातांत धरून ठेवलं, कारण मशीनला टाच फार गार चालत नाही, असं मी तुला सांगितलं. तसं काही नसतं.

मशीन चालू झालं. दोन मिनिटं हलायचं नसतं. तू तक्त्याकडे बघत म्हणालीस, "चिठ्ठी आणलीयस?"

"पर्समध्ये असते. रोजच."

"दे."

मी दिली. तू वाचलीस, तारीख बघितलीस, परत वाचलीस. मला वाटलं फाडशील. तू घडी घालून तुझ्या पर्समध्ये ठेवलीस. मग म्हणालीस, तक्त्याशीच बोलत असल्यासारखी, "आईचं मोडलं त्या दिवशी सकाळी मी फरशी पुसली होती. साडेनऊला. आई अकराला गेली आत. दीड तासात वाळते ना गं फरशी? मी नंतर कितीदा पुसून, घड्याळ लावून बघितलं. उन्हाळ्यात वीस मिनिटं. थंडीत चाळीस. एकदा मुद्दाम खूप पाणी टाकून बघितलं, तरी तासात वाळली."

सहा वर्षं तू फरशी पुसून घड्याळ बघत होतीस. हे मी केलं.

"कोरडी होती, ताई," मी म्हणाले. "फरशी कोरडी होती."

तू मान हलवलीस. रडली नाहीस. मी रडले, आणि मशीननं बीप दिला की पाऊल हललंय, पुन्हा घ्या. तुझं पाऊल हललं नव्हतं, माझा हात होता त्याच्यावर. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. "रड आधी, मग मोज," म्हणालीस. "दोन कामं एकदम तुला कधी जमलीत?"

बाहेर बाकावर सतरा जणी होत्या. काल सगळ्यांना उशीर झाला.

आकडा तुला सांगितला तो बरोबर सांगितला, कमी-जास्त केला नाही. उणे तीनच्या खाली. डॉक्टरबाईंनी तुझी उंची मोजली, सव्वादोन इंच गेलीय. त्या खास एक्स-रेची चिठ्ठी लिहून देत होत्या तेव्हा तू हात पुढे केलास. म्हणालीस, "माझ्याकडे द्या. हिच्याकडे नको."

लागलं. पण योग्य तिथंच लागलं.

५ मे

ताई,

आता तू फोन उचलतेस, तरी लिहिते. तूच म्हणालीस की फोनवर मी सगळं गुळगुळीत बोलते, कागदावर जरा खरं निघतं.

तुझ्या एक्स-रेचा रिपोर्ट डॉक्टरबाईंना दाखवला. पाठीचे दोन मणके दबलेत, जुने आहेत, वर्षाभरापूर्वीचे तरी. भावोजींना मी नीट समजावून सांगितलंय, ते फोनवरच खाली बसले, पण आता सावरलेत. खुब्याचं हाड विरळ आहे, पण शाबूत आहे. हे पुन्हा वाच. शाबूत आहे. इंजेक्शनं सहा-सहा महिन्यांनी, कॅल्शियम रोज, आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा. इंजेक्शन मनानं बंद करायचं नाही, एकही चुकवायचं नाही, चुकलं तर मणके आणखी दबू शकतात. तारखा मी लिहून ठेवल्यात, तूही ठेव. दोघींकडे असू देत. माझ्यावर सोपवू नकोस असं मी स्वतःच सांगते.

माझाही एक्स-रे झाला. माझं तुझ्याइतकं नाही, पण सुरुवात आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, व्यायामाला दोघी बहिणी बरोबरच जा, म्हणजे दांड्या कमी पडतील. त्यांना वाटतं आपण रोज भेटतो.

परवा तू फोनवर म्हणालीस ते मी लिहून ठेवलंय. "मी अजून रागावलेली आहे. बराच काळ राहीन. पण एवढ्या लांबून रागवायला आता दम राहिला नाही, इथं येऊन बस, मग रागावते."

येते. पुढच्या मंगळवारी सुट्टी टाकलीय, पहिलं इंजेक्शन आपण दोघी मिळून घेऊन येऊ. भावोजींना सुई बघवत नाही, त्यांना घरीच ठेवू. आईबद्दल बोलायचं असेल तर बोलू, नसेल तर नको. मावशीही यायचं म्हणत होती. मी म्हटलं, आधी ताईला विचार. ती म्हणाली, "मला तोंड नाही तिच्याकडे जायला." मी सांगितलं, मलाही नव्हतं.

साडेनऊपर्यंत पोचेन. बेल वाजवली की धावत येऊ नकोस. हातातलं काम ठेव, भिंतीला धर, सावकाश ये. कितीही वेळ लागला तरी मी दारात उभी आहे.

तुझी
धाकटी